शीतल अपार्टमेंटला शोभेल अशी मांजर

१२ जानेवारी, रविवार

आज ठरवलं. मांजर आणायची. कोणाला विचारून नाही, कोणाला भिऊन नाही.

झालं असं की सकाळी ड्युटीला निघताना खाकी शर्ट अंगात घातला, खिशात हात घातला, तर हात थेट पोटाला लागला. उंदरांनी खिसा तळापासून खाल्ला होता. माझा खिसा! मी एसटीची कंडक्टर आहे, मंगरूळपीर डेपो. माझ्या खिशाला आजवर पाकीटमारानं हात लावलेला नाही. दिवसभर चिल्लर रुमालात बांधून तिकिटं काढली. ड्रायव्हर फुलसिंगभाऊ हसून हसून बेजार. म्हणाले, "वर्षाबाई, चेकरच्या आंधी उंदरानंच तुमची तपासनी करून टाकली."

वर्षभराचं धान्य एकदम भरायची आमच्याकडे रीत. फ्लॅटमध्ये राहायला आले म्हणून काय पुडीपुडीनं डाळ आणायची? मागच्या आठवड्यात पवननं, माझ्या धाकट्या भावानं, धनजच्या आमच्या वावरातली तूर आणून टाकली. पोतं गॅलरीत, गव्हाची कोठी पलंगाच्या पायथ्याशी. उंदरांना अजून काय पाहिजे?

औषध टाकता येत नाही. शीतल अपार्टमेंटमध्ये आठ बिऱ्हाडं, त्यांतली सात जैन आणि आठवं माझं. घर घेतानाच सोसायटीचे अध्यक्ष रतनलालजी, ज्यांचं चौकात कापडाचं दुकान आहे, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गेटच्या आत अंडं-मटण नाही आणि जीवहत्या नाही. मी दोन्हीला हो म्हटलं आणि शब्द पाळला. इथे उंदीर पिंजऱ्यात धरतात आणि रतनलालजी स्वतः स्कूटरवरून गावाबाहेर सोडून येतात. शेपटी तुटलेला एक उंदीर तर त्यांच्या आधी घरी पोचतो, माझी पैज आहे.

जिन्याच्या वळणावर आज पुन्हा ज्वारीचे दाणे सांडलेले दिसले. झाडणाऱ्या बाईला सांगायला पाहिजे. माझ्या घरातून नाही आलेले, माझ्याकडे ज्वारी नाहीच.

१९ जानेवारी, रविवार

पार्किंगमध्ये मीटिंग झाली. विषय एकच, माझी मांजर, जी अजून आलेलीसुद्धा नाही.

रतनलालजी म्हणाले, "वर्षाबाई, मांजर उंदीर मारन. मंग ते पाप कोनाच्या माथी? बिल्डिंगच्याच न?"

मी म्हटलं, "मांजरीच्या माथी. ते काई सोसायटीची मेंबर नाई."

कोणी हसलं नाही. फक्त रतनलालजींची आई, भागिरथीबाई, प्लास्टिकच्या खुर्चीत पदर तोंडाला लावून बसली होती, तिचे खांदे हलले. की ती खोकत होती कोण जाणे. ही म्हातारी लिफ्टला भिते. पहिल्या मजल्यावर राहते आणि रोज काहीतरी निमित्त काढून जिना चढत तिसऱ्या मजल्यापर्यंत येते, माझ्या दारासमोर थांबते, श्वास घेते आणि परत जाते. लेकानं पहाऱ्याला ठेवली असणार.

खूप बोलाचाली झाली. एक बाई म्हणाली, एकट्या बाईला कायले पायजे हे सारं. ही प्रत्येक मीटिंगला "एकटी बाई" म्हणते. सोसायटी पाण्याचे पैसे माणशी घेते, त्या यादीत माझ्या नावापुढे एक लिहिलंय, त्या वेळीसुद्धा म्हणाली होती. एक म्हणजे एक. त्यात काय बिघडलं?

शेवटी रतनलालजींनी तोडगा काढला. "फ्लॅटवाली मांजर पाहा न. मोठ्या शहरात पाळते लोक. वरडत नाई, घराबाहेर जात नाई, उंदीर त तिले मालूमच नाई. तशी ब्रीडवाली आना. आमी कायले नाई म्हनू?"

म्हणजे उंदरासाठी मांजर आणायची आणि ती उंदीर न धरणारी. मी हो म्हटलं. आधी मांजर घरात तर येऊ दे, तिला काय शिकवायचं ते माझं मी पाहीन.

२३ जानेवारी

तीन दिवस फावल्या वेळात मोबाइलवर फ्लॅटमध्ये पाळायच्या मांजरींचे व्हिडिओ पाहतेय. काय एकेक नमुने आहेत!

पर्शियन. तोंड दारावर आपटल्यासारखं चपटं, अंगभर झुलपं. रोज विंचरायचं, रोज डोळे पुसायचे. आमच्याकडे मे महिन्यात माणसाचं कातडं सोलून निघतं, हिला एसी लागणार. मला कूलरची टाकी भरायला पहाटे उठावं लागतं. बाद.

सयामी. दिसायला चलाख, पण दिवसभर बोलते म्हणे. या घरात बोलायला मी आहे. बाद.

मेन कून. हे वासराएवढं होतं. फुलसिंगभाऊंना फोटो दाखवला तर म्हणाले, "हे पाळाचं का जुंपाचं?" बाद.

रॅगडॉल. हिची फार तारीफ. उचललं की अंग सोडून देते, कुठेही ठेवा, ठेवू तिथे पडून राहते. फ्लॅटसाठी एक नंबर, असं तो व्हिडिओवाला पोरगा पुन्हा पुन्हा सांगत होता. मला रागच आला. अंग सोडून देणं हा कसला गुण? नखं काय शोभेला दिलीत? बाद, बाद, बाद.

शेवटी ब्रिटिश शॉर्टहेअर पसंत पडली. केस आखूड, स्वभाव थंड. दिवसभर एकटी राहू शकते, कोणाची वाट पाहत बसत नाही, असं लिहिलं होतं. हे वाचून बरं वाटलं. जमेल आमचं.

"इंग्रज मोठ्या मुश्किलीनं गेले," फुलसिंगभाऊ म्हणाले, "अन तुमी त्याइले वापस आनून राह्यल्या."

२ फेब्रुवारी

सुट्टी होती. अकोल्याला जाऊन आले. एका घराच्या वरच्या खोलीत मांजरी विकतात, तिथे.

राखाडी रंगाचं पिल्लू, गोल तोंड, खरंच गोड होतं. मी माझ्या पद्धतीनं पाहिलं. वडिलांबरोबर बैलबाजारात लहानपणी पुष्कळ फिरलेय. तोंड उघडून दात पाहिले, कातडी चिमटीत धरून सोडली, चार पावलं चालवून पाहिलं. विकणारा पोरगा घाबरला. "मॅडम, हे काय करून राह्यल्या?"

"आई दाखव याची," मी म्हटलं.

आई नाही दाखवली. मग त्यानं नियम सांगायला सुरुवात केली. घराबाहेर न्यायचं नाही. गॅलरीत सोडायचं नाही, पडेल. खिडकीला जाळी. ऊन नको, वारा नको, दुसऱ्या जनावराचा वास नको.

"मंग हे दिवसभर पाहीन काय?"

"टीव्ही लावून द्याचा. माशांचे व्हिडिओ येते."

मी पिल्लू त्याच्या हातात परत दिलं. घराबाहेर पाऊल टाकलं की मरतं असं जनावर मला नको. परतीच्या गाडीत मात्र उगीच डोळ्यांसमोर येत राहिलं ते.

३ फेब्रुवारी

पवनचा फोन. मांजर घ्यायला गेले होते हे त्याला कोणी सांगितलं देव जाणे. म्हणे, मांजर बिंजर सोड, एक चांगलं स्थळ आहे. कारंजाचे आहेत, बायको वारली, पोरं मोठी झालीत, त्यांना फक्त घर सांभाळणारी पाहिजे.

मी म्हटलं, "माह्यं घर माह्याच्यानं सांभाळनं होते. त्याइले त्याइचं होत नसन त त्याइनं शिकावं."

इथे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. माझं लग्न कामरगावला झालं होतं. सहा वर्षं मूल झालं नाही. एक दिवस नवऱ्यानं कामरगावच्या स्टँडवर मला गाडीत बसवून दिलं. बॅग वरच्या फळीवर त्यानंच ठेवली. "चार दिवस माहेरी राहून ये, तुह्याच भल्यासाठी सांगतो, मी येतो घ्याले," म्हणाला आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. नंतर कळलं की दुसरी केली. झालं. मग मी परीक्षा दिली, एसटीत लागले आणि आता कामरगावची तीच गाडी माझी आहे. स्टँड आला की खाली उतरत नाही, दारातूनच डबल बेल मारते. मला काही वाटत नाही.

११ फेब्रुवारी

आज गाडीत जे घडलं ते नीट लिहिते.

कामरगावहून परत निघायची वेळ. एक बाप्या पोतं घेऊन चढला, मागच्या सीटखाली सारलं आणि "चहा घेऊन येतो" म्हणून उतरला. आलाच नाही. मी जरा जास्तच थांबले, फुलसिंगभाऊंनी हॉर्न वाजवला, तरी नाही. निघालो. धनजच्या अलीकडे मागून आरडाओरडा झाला की पोतं चालून राह्यलं!

मी सुतळी सोडली. आत मांजर. राखाडी पट्ट्यांची, एक कान अर्धा तुटलेला, पोट लोंबलेलं. मला पाहून तोंड उघडलं तेव्हा दिसलं की एक सुळा सोडला तर आत फारसं काही उरलेलं नाही. ओरडली नाही, फिस्कारलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली.

शेजारच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "बुढी झाली, उंदरं धरत नसन, म्हून सोडली असन. अशीच सोडते लोक. पोत्यात टाकून गरगर फिरवते, तीन गरके देते, अन मंग लांब नेऊन सोडते. घर सापडू नाई म्हून."

मला माहीत आहे ते. आमच्याही घरी केलंय. पण तेव्हा मी पोत्याच्या बाहेरून पाहिलं होतं.

डेपोत बेवारस सामानाच्या खिडकीवर नेली. जगदेव तिथे बसतो. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "छत्री, डबा, चप्पल, सारं घेतो. जिवंत सामान घेत नाई." मी म्हटलं, ठीक आहे, मी घेते. सही करू का? तो म्हणाला, "कायची सही? कोनी मांगाले येनार हाये काय तिले?"

म्हणून आता ती गॅलरीत तुरीच्या पोत्यावर झोपली आहे. नाव ठेवलं चिल्लर. कंडक्टरला तिची कायम गरज असते.

१२ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना रतनलालजींच्या अटी एकेक आठवून पाहिल्या. उंदीर मारत नाही, दातच नाहीत. ओरडत नाही. घराबाहेर जात नाही, पोत्यावरून उतरायला राजी नाही. उकाडा तिला जन्मापासून ठाऊक. अख्ख्या जगात शोधली असती तरी शीतल अपार्टमेंटला इतकी शोभणारी मांजर सापडली नसती.

एक गंमत. मशिनी आल्या तरी तिकिटाला भोक पाडायचा जुना लोखंडी चिमटा मी जवळ ठेवलाय. घरी बसल्या बसल्या वाजवायची सवय आहे, टिक टिक. हाक मारली तर चिल्लर मान वळवत नाही, पण चिमटा वाजला की उठून येते. रांगेतली शिस्तीची प्रवासी आहे.

१८ फेब्रुवारी

ठिणगी पडली.

तीन दिवसांपूर्वी दुकानातून मांजरीच्या खाण्याचं पाकीट आणलं होतं. रतनलालजींनी लिफ्टमध्ये ते हातात घेऊन उलटं केलं आणि ठिपका शोधला. तपकिरी. मांसाहारी. त्यांनी पाकीट असं परत दिलं की जणू निखारा.

"गेटच्या आत नाई म्हनलं होतं, वर्षाबाई."

बरोबर होतं त्यांचं, मी शब्द दिला होता. मग मीही ठरवलं. आता रोज संध्याकाळी चिल्लरला पिशवीत घालून गेटबाहेर नेते. नालीवरच्या फरशीवर बसवते आणि उकडलेलं अंडं कुस्करून घालते, सगळ्या बिल्डिंगच्या डोळ्यांदेखत. गेटच्या आत नियम तुमचा, गेटच्या बाहेर रस्ता सरकारचा. ती दातांशिवाय इतकी चवीनं खाते की पाहणाऱ्याला भूक लागावी. गॅलऱ्यांमध्ये पडदे हलतात. हलू देत.

आज परत येताना रतनलालजी गेटवरच उभे होते. "ठरलं होतं ब्रीडवाली आनाचं. हिची जात कोनती?"

"कामरगाव," मी म्हटलं.

"हे कोनती ब्रीड?"

"पोत्यात घालून सोडून देते ते. लय टिकाऊ राहते."

रात्री फलकावर नोटीस लागली: 'तिसऱ्या मजल्यावरील मांजराबाबत निर्णय, २ मार्च, सर्वांनी हजर राहावे.' मांजराबाबत! बाई आहे ती.

२४ फेब्रुवारी

भागिरथीबाई आज चक्क आत आली. आजवर उंबऱ्याबाहेरून टेहळणी चालायची. सूर्य मावळायच्या आत त्यांची जेवणं होतात, म्हणून संध्याकाळ तिला मोकळी असते. हातात वाटी होती. मला वाटलं साखर मागायला आली असेल. वाटी रिकामी होती, बुडाशी दोन-चार ज्वारीचे दाणे चिकटलेले.

"कुठी हाय ते?" म्हणाली. खुर्ची चिल्लरसमोर ओढून बसली. मी माझी कामं करत राहिले. ही जाऊन लेकाला सगळं सांगणार, तर सांगू दे, घर स्वच्छ आहे माझं.

बराच वेळ ती मांजरीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. कान देऊन ऐकलं तर सुनेनं कढी कशी बिघडवली ते सांगत होती. जाताना मला म्हणाली, "वर्षा, तू दिवसभर बाहेर राहतं. दरवाज्याची चावी कोनाजोळ ठेवतं?"

मी म्हटलं, "धाकट्या भावाजोळ एक हाय. बाकी कोनाजोळ नाई." बघा, चावीपर्यंत गेली चौकशी!

उंदरांचा मागमूस नाही. नवीन शर्टाचे दोन्ही खिसे शाबूत आहेत. चिल्लरनं एकही मारला नाही, मी शपथेवर सांगीन. तिचा वास लागला आणि ते आपणहून उठून गेले. जिन्यात मात्र दाण्यांचा ढीग साचत चाललाय. झाडणारी बाई काय करते कळत नाही.

२ मार्च, रविवार

क्रमानं लिहिते.

ड्युटीवरून आले. दार उघडलं. पोत्यावर चिल्लर नाही. पलंगाखाली नाही, कोठीमागे नाही. चिमटा वाजवला. खूप वाजवला. ओट्यावर हरभऱ्याची पिशवी दिसली तेव्हा कळलं की पवन येऊन गेला. त्याच्याकडे चावी आहे.

फोन लावला.

"ताई, बुधवारी कारंज्याचे पाव्हने येऊन राह्यले घर पाह्याले," तो म्हणाला. "तुटक्या कानाची मांजर घरात पाहून काय म्हनतीन ते? अन खाली सोसायटीची नोटीस लागेल हाय. म्हून म्या नेली."

"कुठी सोडली?"

"वावरात, नाल्याच्या पल्याड. पोत्याले तीन गरके देल्ले. आता नाई येत ते वापस. तुह्या भल्यासाठीच केलं न, ताई."

"मले इचारलं काय?"

"त्यात काय इचाराचं?"

त्यात काय विचारायचं! मी फोन ठेवला. पवन वाईट नाही. माझ्यावर त्याचा जीव आहे, पहिली तूर तो मला आणून देतो. पण मला वाटलं, आम्ही पोरी काय आणि मांजरी काय, आमचं भलं कुठे आहे हे सगळ्या जगाला कळतं, आणि तिथे नेऊन सोडायला यांच्याकडे पोतं कायम तयार असतं. राग आला, फार राग आला. अजूनही आहे.

तशीच मीटिंगला गेले. रतनलालजींना खालीच कळलं होतं, पवन पोतं घेऊन जाताना त्यांनी पाहिलं होतं. ते मोकळ्या मनानं म्हणाले, "चला, मांजरच नाई त प्रश्नच सुटला. पुढचा विषय लिफ्ट."

"प्रश्न नाई सुटला," मी उभी राहिले. "मांजर माही हाय. उद्या मी तिले घेऊन येनार हाओ. तुमी ठराव करा, नाई त नका करू. मी परवानगी मांगाले आली नाई, सांगाले आली हाओ. घर माह्या नावावर हाय. गेटच्या आत अंडं आनलं नाई, एक जीव मारला नाई. याच्या वर ज्याले जे म्हनाचं ते माह्या तोंडावर म्हना."

मग प्लास्टिकची खुर्ची करकरली आणि भागिरथीबाई उठली.

"रतन, जिन्यात दाने मी टाकतो," ती म्हणाली. "उंदराइसाठी. तू त्याइले उपाशी पिंजऱ्यात नेत होता, म्हून टाकत होतो."

रतनलालजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. महिनोन् महिने स्कूटरवर उंदीर वाहिले आणि घरात आईच पंगत वाढत होती.

"आता दाने जसेच्या तसे पडून राहते," म्हातारी पुढे म्हणाली. "एक उंदीर मेला नाई. सारे आपल्या पायानं गेले. तुह्या पिंजऱ्यानं झालं नाई ते तिनं बसल्या जागी केलं. अन ते बोलत बी नाई, ऐकून घेते फक्त. तिले धाडून देलं त मी वर जाऊन कोनाजोळ बसू?"

ठराव झालाच नाही. लिफ्टचा विषयही निघाला नाही.

मी उगाच तिला हेर समजत होते. चावी कशासाठी विचारत होती तेही आता कळलं. वर येताना जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "सकाळी पहिल्या गाडीनं जा. सापडन ते." सापडेल का? बिचारीला एकच सुळा आहे. तीन गरके दिलेत.

३ मार्च, सोमवार

पहिली गाडी माझीच होती. गाडीत बाजारकरी, कॉलेजची पोरं, कामरगावच्या लग्नाला निघालेल्या बायका. फुलसिंगभाऊंना काल रात्रीच फोन करून सांगितलं होतं.

आमचं वावर रोडला लागून आहे. तिथे थांबा नाही. मी सिंगल बेल मारली आणि भाऊंनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर एसटी किती शांत होते, मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"टाइम?" ते एवढंच म्हणाले.

"उशिराचं मी लिहून देतो," म्हटलं आणि उतरले.

नाल्यापर्यंत गेले. पलीकडे कापलेल्या तुरीच्या तुराट्यांचा ढीग रचलेला. चिमटा काढला. टिक टिक. टिक टिक. काही नाही. मागून गाडीतून आवाज यायला लागले, कोणी म्हणे बाईचं डोकं फिरलं, कोणी म्हणे काय हरपलं असन तिचं. एका बाईनं सगळ्यांना झापलं, "थांबा न जरासे! तुमची काय विमानं सुटून राह्यली?" विहिरीवरून पवन धावत आला. "ताई, सारी गाडी पाहून राह्यली, काय म्हनतीन लोक," म्हणायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. वाजवत राहिले. बोटं दुखली तरी वाजवत राहिले.

तुराट्यांच्या बुडाशी काहीतरी हललं. आधी तुटका कान, मग ती. अंगभर गोखरूचे काटे, पाय चिखलानं भरलेले. पळत नाही आली. सावकाश, थांबत थांबत, मध्येच बसून पंजा चाटून, मग नाल्यातल्या दगडांवरून आली आणि माझ्या बुटावर बसली. मी रडले. लिहून टाकते, रडले, गाडीभर लोकांसमोर, खाकी कपड्यांत.

पवन खाली मान घालून उभा होता. त्याला म्हटलं, "बुधवारी पाव्हन्याइले येऊ दे. चहा पाजीन मी त्याइले. पन खुर्चीवर चिल्लर बसून राहीन, अन ते उठनार नाई. अन माह्या घराची चावी दे." त्यानं खिशातून काढून दिली. ती आता भागिरथीबाईंकडे जाईल.

गाडीत चढले तर टाळ्या पडल्या. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. मागून एक पोरगं ओरडलं, "मॅडम, हिचं तिकीट?" बरोबर होतं त्याचं. चेकर चढला असता तर माझ्याच गाडीत बिनतिकीट प्रवासी. धनज ते कामरगाव काढलं.

कामरगावच्या स्टँडला गाडी लागली. चिल्लरला काखेत घेतलं आणि आज खाली उतरले. समोरच्या टपरीवर गेले, कट चहा मागितला, उभ्यानं प्यायले. टपरी लहानच आहे. मला ती खूप मोठी आठवत होती. चहा पाणचट होता. कपाच्या बशीत थोडा ओतून चिल्लरपुढे धरला, तिनं तोंड फिरवलं. मग दोघी परत गाडीत चढलो, मी डबल बेल मारली आणि निघालो.

संध्याकाळी गेटवर रतनलालजी होते. चिल्लरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे होऊन लिफ्टचं दार धरून उभे राहिले.

परतीचं तिकीट इथे चिकटवून ठेवते आहे. कामरगाव ते मंगरूळपीर. पैसे मी भरले. यंत्रात मांजराचं बटण नाही, म्हणून त्यावर 'लहान मूल १' असं छापून आलंय. बाकी त्याचा काही अर्थ नाही.